कीर्तन रंगलं की दिवे जातात

माणूस देवापुढे बसून दगडासारखा निश्चल झाला, की आपल्याकडे त्याला भाग्यवान समजतात. आमच्या विद्यापीठाच्या ऊर्जा बचत कक्षाने त्याला गैरहजर समजलं. भांडण एवढंच. पण एवढ्याशा भांडणापायी माझी झोप गेली, अब्रू गेली, आणि तानाबाईच्या बकरीने व्यासपीठावरचा हार खाल्ला तो वेगळाच.

मी या विद्यापीठाचा इस्टेट ऑफिसर. वर्ध्याहून देवळीकडे जाताना एक लांबच लांब भिंत लागते आणि संपता संपत नाही, ती माझी. म्हणजे विद्यापीठाची; पण पडली की माझी. भिंतीच्या आतल्या इमारती, रस्ते, नळ, पंखे, मधमाश्यांची पोळी आणि मे महिन्यात वाळणारी हिरवळ, हे सगळं माझ्या खात्यात. प्राध्यापकांच्या डोक्यात उजेड पडला नाही तर मला कुणी विचारत नाही, पण डोक्यावरचा उजेड गेला की पहिला फोन मला. तरीही मी सुखी होतो. कारण आठवड्यात गुरुवार येतो.

दर गुरुवारी संध्याकाळी जुन्या सभागृहात आमच्या कर्मचारी मंडळाचं कीर्तन असतं. पुलगावच्या जयवंताताई एसटीने येतात, पदर खोचतात, चिपळ्या हातात घेतात आणि आमचा आठवडा धुऊन काढतात. मला कीर्तनाचं वेड लहानपणापासूनचं. शरयू, म्हणजे आमची सौभाग्यवती, सगळ्यांना सांगते की मुलगी पाहायला आल्यावर तिच्याकडे बघायच्या आधी मी तिच्या वडिलांना विचारलं, "गावात सप्ताह कधी असतो?" हे साफ खोटं आहे. नंतर विचारलं होतं.

सभागृह कौलारू, उंच छताचं. तिथे ताईंचा आवाज माइकशिवाय घुमतो आणि आम्ही सतरंज्यांवर मांडी घालून बसतो. विद्यापीठात दुसरं सभागृह आहे, वातानुकूलित. पण तिथे खाली बसायला मनाई, टाळ न्यायला मनाई आणि चपला काढायला तर सक्त मनाई. कुणी काढल्या होत्या म्हणे एकदा, तेव्हापासून. म्हणजे जुनं सभागृह आहे तोवर आमचं कीर्तन आहे, हे समजून असा.

आता मूळ चूक. ती माझी.

ऊर्जा बचत कक्षाचे प्रमुख प्राध्यापक अभिराम हे पुण्याहून आलेले तरुण, हुशार, आणि रविवारीही शर्ट खोचणारे गृहस्थ. त्यांनी बैठकीत एक पांढरी डबी दाखवली. ही भिंतीवर बसवायची. माणसांची हालचाल दिसली की ती दिवे-पंखे लावते, बराच वेळ दिसली नाही की बंद करते. शिवाय कुठली खोली वापरात आहे आणि कुठली रिकामी, याची नोंद थेट त्यांच्या टॅबवर जाते. वापरात असेल तर हिरवा चौकोन, रिकामी असेल तर करडा. यापुढे यंत्राची नोंद हीच अधिकृत नोंद, असा ठरावही त्यांनी तिथेच मंजूर करून घेतला.

"सुरुवात कुठून करायची?" कुलगुरूंनी विचारलं. सगळे विभागप्रमुख चहातल्या बिस्किटाकडे असे बघू लागले, जणू ते कोणत्याही क्षणी बोलेल. तेवढ्यात लेखा विभागाचे दत्तोपंत माझ्या कानाशी पुटपुटले, "तुमच्या देवालेच उजेड फार लागते बाप्पा. दर गुरुवारी लखलखाट!" दत्तोपंत म्हणजे कीर्तनाच्या वेळी हटकून बॅडमिंटन खेळणारा माणूस. मला ते लागलं. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, जुन्या सभागृहापासून सुरुवात करा. कीर्तनाची माणसं काटकसरी असतात, हे जगाला कळू द्या."

जगाला काय कळलं ते पुढे येईलच.

आमच्या क्वार्टरशेजारी अण्णाजी राहतात. त्यांची सून मेघा आमच्या ग्रंथालयात आहे. स्वतः अण्णाजी शेती करून थकले आणि आता सल्ले देतात. सभागृहात डबी बसताना ते मागे हात बांधून उभे होते. "धनंजयराव," ते म्हणाले, "जे जनावर मालकाले वळखत नाई, ते घरात घेऊ नये."

"अण्णाजी, हे जनावर नाही, सेन्सर आहे."

"तेच म्हणून राह्यलो. जनावर असतं तर आज ना उद्या वळखलं असतं."

सभागृहामागोमाग सगळ्याच इमारतींत डब्या बसल्या आणि पहिल्या आठवड्यातच आवारात चमत्कार दिसू लागले. ग्रंथालयात पोट्टे मन लावून वाचायला बसले की अंधार व्हायचा, म्हणून मेघाने नियम केला की पान उलटताना प्रत्येकाने एक हात वर करायचा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, आत कुणीतरी सारखं मतदान घेतंय. स्वच्छतागृहांबद्दल मी लिहीत नाही. तिथल्या अंधारातून ज्यांनी आरोळ्या दिल्या ते आजही माझ्याशी नीट बोलत नाहीत. एका ज्येष्ठ प्राध्यापकांची खोली दुपारी जेवणानंतर नेमाने करडी दिसायची. त्यांनी लेखी तक्रार केली की यंत्र चिंतनाला झोप समजतं. उलट एका रिकाम्या वर्गात दिवसभर हिरवा चौकोन दिसत होता. जाऊन पाहिलं तर दोन माकडं.

आणि गुरुवार उजाडला.

सुरुवातीच्या भजनाला टाळ्या पडत होत्या तोवर दिवे टक्क. मग ताईंनी आख्यान लावलं. आख्यान असं चढत गेलं की शेंगा सोलत बसलेल्या बायकांचे हात थांबले, खोकणारे खोकायचे थांबले, माझ्या पायाला मुंग्या आल्या त्याही मी तशाच ठेवल्या. आणि ऐन रंगात काळोख! ताई, तबलेवाले, पेटीवाले व्यासपीठावर हलत होते, पण व्यासपीठ डबीच्या नजरेबाहेर. डबी फक्त आमच्याकडे बघत होती आणि तिला आम्ही दिसत नव्हतो.

"पांडुरंगा," अंधारातून ताईंचा आवाज आला, "तुह्या दरबारातबी लोडशेडिंग आलं काय रे?"

हशा झाला, माणसं हलली, दिवे आले. पुन्हा आख्यान, पुन्हा काळोख. मी आमचा वायरमन चंदन याला हाक मारली. त्याने शिडी लावून डबी तपासली आणि डॉक्टरसारखा चेहरा करून उतरला.

"साहेब, मशीन बराबर आहे. तिच्या हिशोबानं अंदर कोणी नाई."

"अन् हे सारे बसून राह्यले ते कोण?"

"ते आपल्याले दिसते. तिले नाई दिसत."

मी म्हटलं, जाऊ दे. अंधारात का होईना, नाम तर होतंय. पण महिनाअखेर बैठकीत अभिराम सरांनी पडद्यावर सगळ्या विद्यापीठाचा नकाशा लावला. वातानुकूलित सभागृह हिरवंगार. तिथे 'वेळेचे नियोजन' या विषयावर व्याख्यान झालं होतं. मी त्या व्याख्यानाला होतो. माणसं पाय हलवत होती, मोबाइल काढत होती, ठेवत होती, एकेक खुर्ची दाराकडे सरकत होती. पण दाराकडे सरकणारा माणूसही यंत्राच्या लेखी हजरच. आणि आमचं सभागृह? करडं. खाली टीप: 'वापर नगण्य. गुरुवारी संध्याकाळी अधूनमधून किरकोळ हालचाल, बहुधा झाडलोट.'

झाडलोट! जयवंताताईंच्या कीर्तनाला झाडलोट! आध्यात्मिक अर्थाने ते बरोबर आहे, हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मात्र माझे कान तापले.

"त्यामुळे," अभिराम सर म्हणाले, "जुनं सभागृह बंद करून तिथे सौर पॅनेलच्या बॅटऱ्या ठेवाव्यात."

"सर, सभागृह भरलेलं असतं! मी स्वतः पहिल्या रांगेत असतो!"

अभिराम सर वाईट माणूस नाहीत. पेशंटच्या नातेवाइकाशी बोलावं तशा हळुवारपणे ते म्हणाले, "धनंजयजी, तुम्हाला तसं मनापासून वाटत असेल. पण नोंदीत तुम्ही नाही आहात."

मी टेबलाखाली स्वतःला चिमटा काढला. दुखलं. पण ती काही अधिकृत नोंद नव्हे.

कुलगुरूंनी एवढंच केलं की एक समिती नेमली, आणि तिने एखाद्या गुरुवारी स्वतः येऊन पाहणी करावी आणि मग निर्णय घ्यावा, असं ठरवलं. मी कामाला लागलो. डबी बसवणाऱ्या कंपनीला फोन केला. ते म्हणाले, डबीची नजर तीक्ष्ण करता येते, पण कक्षप्रमुखांनी सांगायला हवं. कक्षप्रमुख म्हणाले, आनंदाने सांगतो, पण आधी सभागृह वापरात असल्याचा पुरावा हवा. पुरावा कोणता चालेल? तर यंत्राची नोंद. हे ऐकून मला चक्कर आली आणि मी खुर्चीत नीट बसलो. निश्चल बसल्यामुळे माझ्याच कार्यालयातले दिवे गेले.

शरयूने युक्ती काढली. तिने घरोघरचे हातपंखे जमवले आणि कीर्तनात वाटले. "घ्या, हलवत राहा. देवाले वारा, मशीनले पुरावा." भजनात पंखे झकास हलले. आख्यानाने पकड घेतली तसा एकेक पंखा हवेतच थांबला. अंधार झाला तेव्हा शरयूचा पंखा माझ्या नाकासमोर स्थिर होता. मी कुजबुजलो, "हलव ना!" ती म्हणाली, "चूप राहा हो, ऐकू द्या."

मग अण्णाजींनी सल्ला दिला, आणि मी तो मानला. का मानला, हे मला विचारू नका. बुडत्या माणसाला काडी दिसते, मला बकरी दिसली. आमच्याकडे गवत कापणाऱ्या तानाबाईची बकरी क्षणभर एका जागी उभी राहत नाही, हे सगळं आवार जाणून आहे. अण्णाजी म्हणाले, "तिले मागच्या खांबाले बांधा. तिले ना भक्ती, ना भाव. हालत राहीन, दिवे जळत राहतीन." तानाबाईने बजावलं, "साहेब, लेकरासारखी आहे माही. तिच्यावर वरडू नका."

बकरीने सुरुवातीला उत्तम काम केलं. पण ताईंनी विलंबित लयीत पद घेतलं तशी ती आधी उभी राहून ऐकू लागली, मग पाय मुडपून बसली. डोळे मिटले. रवंथसुद्धा थांबला. अंधार. त्या अंधारात तिने दावं कसं सोडवलं कोण जाणे. दिवे आले तेव्हा ती व्यासपीठावर होती आणि ताईंसाठी आणलेला झेंडूचा हार अर्धा तिच्या पोटात होता. ताईंनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"साहेब, माह्या कीर्तनाले आजवर लय परकारचे श्रोते आले. पण कीर्तन ऐकून वर हारबी खाणारी हे पहिलीच."

कीर्तन संपल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. चहाचा कप हातात धरून त्या ऐकत होत्या. शेवटी मी धीर करून म्हणालो, "ताई, पाहणीच्या दिवशी जरा... म्हणजे थोडं कमी रंगवता येईल का? लोक चुळबुळ करतील इतपत?"

माझ्या आयुष्यात मी इतकं लाजिरवाणं वाक्य दुसरं बोललेलो नाही. ताईंनी कप बशीत ठेवला.

"बापानं मले शिकवलं तवा एकच सांगतलं होतं. माणसाची चुळबुळ थांबली, की समजजो तुह्यं काम झालं. अन् आता तुमी म्हणता, चुळबुळ करवा? मंग मले काऊन बलावता? एखादा भाषणवाला बलवा ना!" मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "सभागृह जाईन म्हणता? जाऊ द्या जात असन तर. पण मुद्दाम बेसूर होणं माह्याच्यानं नाई होत, भाऊ. मी येतो. जसं येते तसं गातो."

साहेबाचा एकदम भाऊ झालो. आता तर सभागृह वाचवणं भागच होतं.

पाहणीच्या गुरुवारी मी शेवटचा डाव टाकला. मला असा माणूस हवा होता जो कीर्तनात विरघळणार नाही. मी दत्तोपंतांकडे गेलो. "तुम्ही मधोमध बसा आणि सारखा हात हलवा. तुमच्यावर कशाचाही परिणाम होत नाही, म्हणून विनंती." त्यांना ती स्तुती वाटली. ते बॅडमिंटनच्या बुटांनिशीच आले. बूट तेवढे दाराशी काढायला लावले.

कुलगुरू, अभिराम सर आणि समिती सतरंजीवर बसली. कुलगुरूंना मांडी घालायला जरा वेळ लागला. टॅब अभिराम सरांच्या मांडीवर, चौकोन हिरवा. दत्तोपंत चौकातल्या पोलिसासारखे हात करत होते. मी मनातल्या मनात म्हटलं, जमलं.

ताईंनी गोष्ट लावली. एक आंधळी म्हातारी. लेक परमुलखात गेलेला. ती रोज तिन्हीसांजेला उंबऱ्यावर दिवा ठेवते. शेजारीण म्हणते, "वो बुढे, तुले दिसत नाई, मंग दिवा कोनासाठी?" म्हातारी म्हणते, "ज्याले यायचं हाय, त्याले दिसते ना." वर्षं जातात. लोक हसायचेसुद्धा थांबतात. एका संध्याकाळी तेल संपतं. म्हातारी बोटाने पणती चाचपते. कोरडी. वात विझत आलीये हे तिला दिसत नाही, पण उंबऱ्याची ऊब कमी होतेय ते हाताला कळतं...

मी दत्तोपंतांकडे पाहिलं. त्यांचा हात हवेत मंदावला, खाली आला, आणि त्या हाताने त्यांनी डोळे पुसले. मग तो मांडीवर पडला तो पडलाच. दत्तोपंत थांबले तर मी उठून उभं राहायचं, असं माझं मीच ठरवलं होतं. मी उठलो नाही. खरं सांगतो, ते माझ्या ध्यानातच नव्हतं. मी त्या उंबऱ्यावर होतो.

"...अन् वात गेली," ताई म्हणाल्या, आणि सभागृहातले सगळे दिवे गेले.

कुणी हललं नाही. काळोखात ताई पुढे बोलत राहिल्या. म्हातारी उंबऱ्यावर बसून राहते. दिवा नाही, तेल नाही. मग ती जुनी अंगाई म्हणू लागते, कारण उजेड नाही तर आवाज तरी ठेवावा दारात. आणि त्या आवाजाच्या मागोमाग, अंगणात, पावलं. "माय, मी आलो व!"

सगळे हात जयजयकारासाठी एकदम वर गेले आणि दिवे भक्कन पेटले. कुलगुरूंचा चष्मा हातात होता. समितीतल्या इलाताई, गृहविज्ञानच्या, उघड उघड रडत होत्या. कुलगुरू अभिराम सरांकडे वळले. "अभिराम, नोंद काय सांगते?"

अभिराम सरांनी टॅब वर उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "सर, मघाच्या वेळात सभागृह रिकामं होतं."

"आणि समिती?"

"सर... तांत्रिकदृष्ट्या समिती आलेलीच नाही."

"असं," कुलगुरू म्हणाले. त्यांनी चष्मा घातला. "मग गैरहजर समिती निर्णय कसा घेणार? पुढच्या गुरुवारी पुन्हा पाहणी ठेवा."

पुढच्या गुरुवारीही समिती आली आणि आख्यानात गैरहजर राहिली. त्याच्या पुढच्याही. मग कुलगुरूंच्या पत्नी विशेष निमंत्रित सदस्य म्हणून येऊ लागल्या. दत्तोपंतांनी बॅडमिंटनचा वार बदलला. बॅटऱ्या गोदामात पडून आहेत आणि प्रत्येक बैठकीत त्यांच्यापुढे 'पाहणी सुरू' असं लिहिलं जातं. मला वाटलं, आता देवाने कायमचं पदरात घेतलं.

पण परवाच्या गुरुवारी जयवंताताई पडशाने बेजार होऊन आल्या. आवाज बसलेला. पद सुरू झालं तेच कुठेतरी घसरलं. माणसं सैल झाली. कुणी घड्याळ पाहिलं, कुणी सतरंजीचा दोरा ओढला, खुद्द कुलगुरूंनी पाठ खाजवली. दिवे टक्क चालू. टॅबवर चौकोन हिरवागार, असा हिरवा मी तो पूर्वी पाहिला नव्हता. समिती पूर्ण हजर! आता टाळता येणार नाही. आजच निर्णय होणार, आणि तो आजवरच्या करड्या नोंदींवरूनच. ताईंनीही ते ओळखलं असावं. त्यांनी एकदा वर दिव्यांकडे पाहिलं, मान खाली घातली, आणि चिपळ्या तेवढ्या हळूहळू वाजत राहिल्या.

मी कुलगुरूंकडे पाहिलं. कुलगुरूंनी अभिराम सरांकडे पाहिलं. अभिराम सरांनी टॅब सतरंजीवर पालथा घातला, गच्च डोळे मिटले आणि दातांच्या फटीतून समितीवर खेकसले,

"कुणीही हलू नका!"

समिती थिजली. मागे बायका थिजल्या, दत्तोपंत थिजले, अण्णाजींनी शिंक तोंडातच दाबली. अख्खं सभागृह दगड. सगळे खोटे खोटे, पण काय तन्मय! ताईंनी मान वर केली. समोर इतकी शांतता पाहून त्यांना काय वाटलं असेल ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी डोळे मिटले, बसल्या आवाजानेच खालचा सूर धरला, आणि तो सूर हळूहळू असा उघडत गेला की आपण नाटक करतोय हे आमच्यापैकी एकेकाच्या ध्यानातून जाऊ लागलं.

दिवे केव्हा गेले, मला कळलं नाही.